महापालिका निवडणूक: प्रभागातील नव्या उमेदवाराची पार्श्वभूमी आणि भूमिका कशी तपासावी?

प्रश्न: वाठोड्याचा रहिवासी

नमस्कार. मी पूर्व नागपुरात, वाठोडा परिसरातील एका जुन्या ले-आऊटमध्ये राहतो. १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचे मतदान आहे आणि आमच्या प्रभागातील एका उमेदवाराविषयी निर्णय करताना मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. त्या प्रथमच निवडणूक लढवत आहेत. त्यांचे नाव आणि पक्ष मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला येथे कोणाचा प्रचार करायचा नाही आणि कोणाची बदनामीही करायची नाही.

त्यांच्याविषयी मला जे ठाऊक आहे ते असे. महापालिकेच्या मराठी शाळेत त्यांनी अनेक वर्षे शिकवले आणि तेथूनच त्या निवृत्त झाल्या. वस्तीतील पुष्कळ घरांतील मुले त्यांच्या हाताखाली शिकली आहेत, त्यामुळे त्यांच्याविषयी आदर आहे आणि तो मलाही वाटतो. त्यांचे पती बांधकामाची लहान कंत्राटे घेतात. ती खासगी असतात की त्यांत महापालिकेचीही असतात, याविषयी लोक वेगवेगळे बोलतात. उमेदवारी मात्र त्यांना ज्या पक्षाने दिली, त्या पक्षात त्या अगदी अलीकडेच आल्या.

त्यांच्या पत्रकात पाच आश्वासने आहेत: भांडेवाडीचा कचरा डेपो हलवणार, चोवीस तास पाणी देणार, सर्व ले-आऊटना आर.एल. (भूखंडाच्या नियमितीकरणाचे पत्र) मिळवून देणार, मेट्रो पुढे नेणार आणि स्मार्ट मीटर बसू देणार नाही. यांतील प्रत्येक गोष्ट आम्हाला हवी आहे. डेपोच्या वाऱ्याने घरात बसवत नाही, उन्हाळ्यात तेथे आग लागली की खोकणाऱ्या मुलांना घेऊन दवाखाना गाठावा लागतो. पण यांतील नगरसेवकाच्या हातात नेमके काय असते? आणि उमेदवाराची पार्श्वभूमी सामान्य मतदाराने कोठे आणि कशी पाहावी? प्रभागात चार मते द्यायची आहेत, ती एकाच पॅनेलला द्यावी लागतात का, हेही कृपया सांगावे.

उत्तर १: धंतोलीतील वकील

आपण व्यक्तीचे नाव टाळून प्रश्न मांडलात हे योग्य केले. शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे. प्रभागातील अ, ब, क आणि ड या चार स्वतंत्र जागा आहेत आणि प्रत्येक जागेसाठी आपले मत स्वतंत्र आहे. चारही मते एकाच पक्षाला देण्याचे कोणतेही बंधन नाही. एखाद्या जागेवरील कोणीच पसंत नसेल, तर त्या जागेपुरता ‘नोटा’चा पर्याय आहे.

पार्श्वभूमीसाठी पहिला कागद म्हणजे उमेदवारी अर्जासोबतचे शपथपत्र. उमेदवाराची गुन्हेगारी पार्श्वभूमी, मालमत्ता आणि शिक्षण जाणून घेण्याचा मतदाराला अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका केंद्रीय निवडणूक आयोग घेत नाही, त्या राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे हे शपथपत्र राज्य आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा आपल्या प्रभागाच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात पाहावे. त्यात उमेदवाराची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता असते, कर्जे असतात, प्रलंबित खटल्यांची माहिती असते. मालमत्तेचा आकडा मोठा आहे की लहान, याला मी फारसे महत्त्व देत नाही. निवृत्त शिक्षिकेचे वेतन आणि कंत्राटदार पतीचे उत्पन्न यांच्याशी तो आकडा जुळतो का, आणि व्यवसायाच्या रकान्यात पतीचा व्यवसाय स्पष्ट लिहिला आहे का, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

आता कंत्राटाचा मुद्दा, कारण आपल्या प्रश्नातील तोच सर्वांत गंभीर आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १० मध्ये सदस्यत्वाच्या अपात्रतेची कारणे दिली आहेत आणि महापालिकेशी झालेल्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असणे हे त्यांतील एक आहे. याचा अर्थ पती कंत्राटदार आहे एवढ्यावरून पत्नी आपोआप अपात्र ठरते असा नाही. तिचा स्वतःचा हितसंबंध त्या कंत्राटात आहे का, हे पुराव्यानिशी दाखवावे लागते. परंतु मतदाराने कायद्याच्या किमान अटीवर थांबण्याचे कारण नाही. पतीकडे महापालिकेची कामे चालू आहेत का, असल्यास कोणत्या झोनमध्ये, आणि निवडून आल्यास ती घेणे ते थांबवणार का, हे आपण जाहीरपणे विचारू शकता. प्रामाणिक उमेदवाराला या प्रश्नाचा राग येण्याचे कारण नाही.

त्याच कलमात आणखी तीन गोष्टी आहेत ज्यांची वस्तीत नेहमी चर्चा होते. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनपेक्षा अधिक झाल्यास अपात्रता येते. स्वतः, जोडीदाराने किंवा अवलंबिताने केलेले बेकायदा बांधकामही अपात्रतेचे कारण आहे. आणि विशेष नोटिशीनंतरही महापालिकेची थकबाकी न भरणे हेही आहे. तिसऱ्या गोष्टीची खात्री झोन कार्यालयात होऊ शकते. ज्याला आपण शहराचा अर्थसंकल्प संमत करण्याचा अधिकार देणार, त्याने स्वतःचा मालमत्ता कर वेळेवर भरलेला असावा, ही अपेक्षा माझ्या मते मुळीच अवाजवी नाही.

उत्तर २: मनपातून निवृत्त

माझी नोकरी महापालिकेत झाली, म्हणून पत्रकातील आश्वासनांविषयी लिहितो. ती कोणाच्या अखत्यारीत येतात, यावरून त्यांची वर्गवारी केली की बराच गोंधळ दूर होतो.

स्मार्ट मीटर हा महावितरणचा विषय आहे. महापालिकेच्या सभागृहाने फार तर ठराव करून शासनाकडे पाठवावा, मीटर बसवणे वा न बसवणे त्याच्या हातात नाही. मेट्रोचेही तेच. महामेट्रो ही केंद्र आणि राज्य शासनाची संयुक्त कंपनी आहे. आपल्या बाजूची मार्गिका प्रजापतीनगरला संपते आणि तेथून ट्रान्सपोर्टनगरपर्यंतचा विस्तार दुसऱ्या टप्प्यात आहे. हा ४३.८ किलोमीटरचा टप्पा केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर केला. म्हणजे मेट्रो पुढे नेण्याचे आश्वासन नगरसेवकाने देण्याची गरजच नाही. त्यांनी स्थानकापासून वाठोड्यापर्यंत ‘आपली बस’ किती वेळाने येईल याविषयी बोलावे, कारण शहर बससेवा महापालिकेची आहे आणि तेथे त्यांच्या शब्दाला वजन असेल.

आर.एल.चा प्रश्न मधला आहे. गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीविना पाडलेले लहान भूखंड नियमित करण्याचा, कायदा २००१ चा, आणि आपल्याकडील ५७२ व १९०० अनधिकृत ले-आऊटच्या याद्यांचा इतिहास तर प्रत्येक भूखंडधारकाला पाठ आहे. नियमितीकरणाचे पत्र आणि त्यासाठीची डिमांड (शुल्काची मागणी) नागपूर सुधार प्रन्यासकडून (नासुप्र) येते. नासुप्र ही १९३६ पासूनची संस्था असून ती राज्याच्या नगरविकास विभागाखाली चालते. तिच्या विश्वस्त मंडळावर महापालिकेच्या प्रतिनिधींना स्थान असते, परंतु निर्णयाची किल्ली मुंबईत आहे. ‘सर्वांना आर.एल. मिळवून देऊ’ हे वाक्य म्हणूनच मी मान्य करणार नाही. ‘विकास शुल्क भरलेल्या ले-आऊटमध्ये गडर लाइन (सांडपाण्याची वाहिनी), रस्ता आणि पथदिवे यांचा निधी अर्थसंकल्पात मागू’ असे म्हटले, तर ते तपासता येण्याजोगे आश्वासन होईल.

पाणी मात्र पूर्णपणे महापालिकेचे आहे. पेंच आणि कन्हान या दोन स्रोतांवर शहर अवलंबून आहे आणि २०१२ पासून वितरणाची जबाबदारी पंचवीस वर्षांच्या करारान्वये ऑरेंज सिटी वॉटर या खासगी कंपनीकडे आहे. चोवीस तास पाण्याचे आश्वासन त्या करारातच दिलेले आहे. उमेदवाराने ते पुन्हा द्यावे यात नवीन काही नाही. त्यांना विचारावे की आमच्या जलकुंभाच्या क्षेत्रात जुन्या वाहिन्या कोठे बदलल्या आणि कोठे राहिल्या, नळाला जोडून पाणी ओढणाऱ्या टुल्लू पंपांवर कारवाई झाली तर त्या कारवाईच्या बाजूने उभ्या राहतील की फोन करून ती थांबवतील, आणि उपविधीनुसार होणाऱ्या वार्षिक दरवाढीवर त्यांचे मत काय आहे. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे लोकांना आवडणारी नसतात. म्हणूनच त्यांतून माणूस कळतो.

आणि भांडेवाडी. हा विषय मनाला लागलेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ‘डेपो हलवणार’ हे प्रत्येक निवडणुकीत पूर्व नागपूरला ऐकवले जाते. हलवायचा म्हणजे कोठे, याचे उत्तर दिले जात नाही, कारण शहराच्या हद्दीत वा हद्दीलगत ज्या गावाचे नाव घ्याल त्या गावात तीच माणसे राहतात, तीच मुले खोकतात. डेपोचा त्रास दोन कारणांनी होतो. एक म्हणजे वर्षानुवर्षे साचलेला कचरा, ज्यात जैविक विघटनातून मिथेन तयार होतो आणि उन्हात पेट घेतो. या जुन्या कचऱ्यावर बायोमायनिंग करून माती, प्लास्टिक आणि इतर घटक वेगळे करण्याचे काम चालते आणि त्याची गती ही सभागृहाने दर महिन्याला विचारण्याची बाब आहे. दुसरे कारण रोज येणारा मिश्र कचरा. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार कचरा घरातच वेगवेगळा करणे बंधनकारक आहे, पण कचरागाडीत तो पुन्हा एकत्र पडत असेल तर घरातील गृहिणीचे कष्ट वाया जातात आणि भांडेवाडीचा ढीग वाढतच राहतो. धरमपेठ, लक्ष्मीनगर किंवा मंगळवारी झोनमधील घराघरांत कचरा वेगळा झाल्याशिवाय वाठोड्याची हवा सुधारणार नाही. म्हणून आपल्या उमेदवाराला केवळ आपल्या प्रभागापुरते बोलून चालणार नाही. संकलनाच्या कंत्राटात मिश्र कचरा आणणाऱ्या एजन्सीला दंड होतो का, तो वसूल होतो का, हे त्यांनी सभागृहात विचारण्याची तयारी दाखवली, तर मी त्यांना गंभीर उमेदवार समजेन.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते, ती चांगली आहे म्हणून. त्याच भांडेवाडीतील प्रकल्पांत शहराचे सांडपाणी शुद्ध होते आणि ते महानिर्मितीच्या औष्णिक केंद्रांना दिले जाते. तेवढे धरणाचे पाणी वाचते. काम करायचे ठरवले तर याच जागेवर ते होऊ शकते.

उत्तर ३: अंबाझरी ले-आऊट

मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो, तरी लिहिणे कर्तव्य समजतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. माणसे दगावली, हजारो घरांचे नुकसान झाले. आमच्या घरातील तळमजल्यावरचे काहीही शिल्लक राहिले नाही. त्यानंतर सांडव्यासमोरील बांधकामे, नदीचे अरुंद झालेले पात्र आणि तलावाची सुरक्षितता हे विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर गेले.

त्या वेळी शहरात एकही नगरसेवक नव्हता. सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेव्हापासून आयुक्तांनीच प्रशासक म्हणून कारभार पाहिला. इतर मागासवर्गीय आरक्षण आणि प्रभागरचना यांवरील वादांत निवडणुका लांबत गेल्या, शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या ६ मे २०२५ च्या आदेशाने त्यांना गती मिळाली. या काळात स्थायी समिती नव्हती, प्रश्नोत्तरे नव्हती, मोठमोठे प्रस्ताव चर्चेविना मंजूर होत होते. माझे म्हणणे असे की उमेदवाराची खरी पार्श्वभूमी याच काळात पाहावी. ज्यांच्याकडे पद नव्हते, मानधन नव्हते, नावापुढे ‘माजी’ किंवा ‘भावी’ एवढेच होते, त्यांच्यापैकी झोन कार्यालयात अर्ज घेऊन कोण गेले? भांडेवाडीच्या आगीनंतर लेखी तक्रार कोणी केली? प्रभागरचनेच्या आराखड्यावर हरकत कोणी नोंदवली? अशा अर्जांच्या पोचपावत्या असतात. आपल्या उमेदवार शिक्षिका आहेत, त्यांनी कागद जपून ठेवले असतील. ते त्यांनी दाखवावेत.

सिमेंट रस्त्यांविषयीही त्यांची भूमिका विचारा, कारण पत्रकात तो विषय दिसत नाही. जुना रस्ता न खोदता त्यावर सिमेंटचा थर चढवल्यामुळे शहरातील कितीतरी घरांची जोती रस्त्याच्या खाली गेली आहेत आणि मध्यम पावसातही पाणी आवारात येते. रस्ते हा तर महापालिकेचाच विषय आहे, आणि पतीचा व्यवसाय बांधकामाचा असल्यामुळे त्यांना पातळी, उतार आणि पावसाळी नाल्या यांची माहिती घरातच मिळू शकते.

उत्तर ४: सक्करदरा

वरील सर्व उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, पण एका गोष्टीवर मी असहमत आहे. व्यक्तीच्या पार्श्वभूमीला येथे गरजेपेक्षा अधिक महत्त्व दिले जात आहे. २०१७ मध्ये १५१ जागांपैकी १०८ जागा भाजपला, २९ काँग्रेसला आणि १० बसपला मिळाल्या. एवढ्या स्पष्ट बहुमताच्या सभागृहात एकट्या सदस्याचा विवेक मतदानाच्या वेळी किती चालतो? महाराष्ट्रात स्थानिक प्राधिकरणांच्या सदस्यांसाठी १९८६ चा अनर्हता कायदा आहे. पक्षाचा आदेश मोडून मतदान केल्यास सदस्यत्व जाऊ शकते. आपल्या उमेदवार कितीही सज्जन असल्या, तरी कचऱ्याच्या कंत्राटावर त्यांचे मत पक्ष ठरवील. मग पक्षाचा शहरासाठीचा जाहीरनामा आणि त्या पक्षाचा मागील कारभार पाहूनच मत का देऊ नये? त्यातही त्या अलीकडेच पक्षात आल्या आहेत, म्हणजे पक्षात त्यांचा शब्द किती ऐकला जाईल हाही प्रश्नच आहे.

उत्तर ५: मनपातून निवृत्त

सक्करदऱ्याच्या सदस्यांचा मुद्दा मतदानापुरता बरोबर आहे, पण सभागृहातील बहुतेक काम मतदानाचे नसते. सदस्याने विचारलेल्या प्रश्नाला प्रशासनाला उत्तर द्यावे लागते आणि प्रश्न विचारायला पक्षादेश क्वचितच आड येतो. महालातील टाऊन हॉलच्या सभांमध्ये सत्ताधारी बाकांवरील सदस्यांनीही अधिकाऱ्यांना निरुत्तर केलेले मी स्वतः पाहिले आहे, आणि तशा सभेनंतर फायली हललेल्याही पाहिल्या आहेत.

दुसरे, आपल्याकडे दहा झोन आहेत आणि प्रत्येक झोनची प्रभाग समिती असते. गडर तुंबणे, उघडे चेंबर, पथदिवे, उद्यानाची निगा, महापालिकेच्या शाळेची गळणारी खोली ही कामे तेथे मार्गी लागतात किंवा अडकतात. तेथे माणूसच महत्त्वाचा. शिवाय २००९ च्या दुरुस्तीने कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली आहे: काही मतदान केंद्रांचा परिसर हे एक क्षेत्र, आणि तेथील मतदारांची सभा नगरसेवकाने घ्यायची. ही तरतूद आपल्याकडे जवळपास कागदावरच राहिली. क्षेत्रसभा नियमित घेण्याचे वचन द्यायला कोणत्याही पक्षाची परवानगी लागत नाही.

आणि शाळांचा विषय विसरू नका. महापालिकेच्या मराठी शाळांची पटसंख्या घसरत गेली, अनेक शाळा बंद झाल्या. ज्या बाईंनी आयुष्य तेथे घालवले, त्यांच्या पत्रकात शाळेविषयी एक ओळही नसावी, याचे मला मनापासून वाईट वाटले. ज्या एका विषयावर त्यांचे ज्ञान सभागृहातील बहुतेकांपेक्षा अधिक असेल, तोच त्यांनी सोडून दिला आहे.

वाठोड्याचा रहिवासी

सर्वांचे आभार. शपथपत्र पाहिले. पतीचा व्यवसाय त्यात स्पष्ट लिहिलेला आहे आणि खटल्यांचा रकाना निरंक आहे. काल आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची कोपरा सभा झाली, तेथे मी आणि शेजारच्या दोन कुटुंबांनी मिळून प्रश्न विचारले.

पतीच्या कंत्राटांविषयी त्या म्हणाल्या की पूर्वी महापालिकेची कामे घेतली होती, सध्या एक काम पूर्ण होण्याच्या टप्प्यावर आहे आणि निवडून आल्यास नवीन निविदा भरणार नाहीत. हे त्यांनी ध्वनिक्षेपकावर सांगितले, त्यामुळे ते सर्वांच्या साक्षीने झाले. स्मार्ट मीटर आणि मेट्रो हे महापालिकेचे विषय नाहीत हे त्यांनी मान्य केले, पत्रक पक्ष कार्यालयातून आल्याचे सांगितले. भांडेवाडीच्या प्रश्नावर मात्र त्यांच्याजवळ उत्तर नव्हते. मिश्र कचऱ्याच्या दंडाविषयी विचारताच सोबतच्या कार्यकर्त्याने ध्वनिक्षेपक घेतला आणि डेपो हलवण्याची घोषणा पुन्हा केली. शाळेविषयी विचारल्यावर त्या पुष्कळ वेळ बोलल्या आणि चांगले बोलल्या: पटसंख्या का घटते, इंग्रजी माध्यमाच्या ओढीपुढे कोणत्या वर्गापासून काम करावे लागेल, शिक्षकांना शाळाबाह्य कामे किती असतात. टुल्लू पंपाचा प्रश्न विचारायचा राहिला.

माझे मत अजून ठरलेले नाही. विरुद्ध बाजूच्या उमेदवारालाही हेच प्रश्न विचारणार आहे. त्यांनी मागील सभागृहात पाच वर्षे काढली आहेत, तेव्हा त्यांची तपासणी वेगळ्या पद्धतीने करावी लागेल असे वाटते.

उत्तर ६: धंतोलीतील वकील

माजी सदस्यांच्या बाबतीत सर्वसाधारण सभांची कार्यवृत्ते पाहावीत. त्यांत उपस्थिती, विचारलेले प्रश्न आणि मांडलेले प्रस्ताव नोंदलेले असतात. माहितीच्या अधिकारात ती मिळतात, पण उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असल्यामुळे मतदानापूर्वी हाती येण्याची शक्यता कमी आहे. त्यापेक्षा उमेदवाराकडेच त्यांच्या प्रश्नांच्या प्रती मागाव्यात, तसेच नगरसेवक निधीतून प्रभागात कोणती कामे झाली त्याची यादी मागावी आणि त्यांतील दोन-तीन कामे जागेवर जाऊन पाहावीत. पाहायला जाताना शेजाऱ्यांना सोबत न्यावे. आणि शिक्षिका असलेल्या उमेदवारांना भांडेवाडीचा प्रश्न लेखी द्यावा, उत्तरासाठी दोन दिवस द्यावेत. ध्वनिक्षेपक दुसऱ्याच्या हातात गेला म्हणून त्यांचे उत्तर नाहीच, असे धरणे न्यायाचे होणार नाही.